कलप केसांना, डाग कपाळाला

पिंपरी, चिंचवड, भोसरी या भागातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाकीच्या महाराष्ट्रात जी कामे रविवारी उरकली जातात, ती इथे गुरुवारी होतात. केसांना कलप लावणे हे त्यांपैकीच एक. शुक्रवारी सकाळी पहिल्या पाळीच्या बसमध्ये नजर फिरवली, तर कुणाच्या कपाळाच्या कडेला, कुणाच्या कानाच्या पाळीवर, कुणाच्या नखांभोवती काळपट तपकिरी डाग हमखास दिसतो. शाळेत शिक्षकांच्या खोलीतही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी हे दृश्य अगदीच दुर्मीळ नाही. थोडी थट्टा होते, चार-सहा दिवसांत डाग जातो आणि गोष्ट तिथेच संपते.

आम्हाला मात्र ती तिथे संपवावीशी वाटत नाही. साबणाने खसाखसा घासूनही न जाणारा डाग पुढे आपोआप कसा जातो, या साध्या प्रश्नात रसायनशास्त्रही आहे आणि शरीरशास्त्रही. शिवाय डाग घालवण्यासाठी लोक जे करतात ते बहुधा डागापेक्षा वाईट असते. औद्योगिक वसाहतीत रॉकेल, थिनर, ब्लीच या वस्तू हाताशीच असतात. हातावरचे ग्रीस ज्याने निघते त्याने कपाळावरचा डागही निघेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे होत नाही. का होत नाही, हे एकदा कळले की डाग पडू न देण्याची युक्तीही आपोआप कळते.

चाकणचा तर या विषयाशी थेट संबंध आहे. तिथल्या औद्योगिक क्षेत्रात लॉरिआल या फ्रेंच कंपनीचा सौंदर्यप्रसाधनांचा कारखाना आहे, आणि या कंपनीचा जन्मच मुळी कलपातून झाला. युजेन श्युलेर या तरुण रसायनतज्ज्ञाने १९०७ साली केसांसाठी एक कृत्रिम रंग तयार केला, तो पॅरिसमधल्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. रंगामागचे रसायन मात्र त्याहून जुने. पॅरा-फिनिलिनडायअमीन, ज्याला सगळीकडे थोडक्यात पीपीडी म्हणतात, त्याच्या रंग देण्याच्या गुणाची नोंद जर्मन रसायनतज्ज्ञ होफमान यांनी १८६३ साली केली होती. आज बाजारात मिळणारा काळा किंवा गडद तपकिरी टिकाऊ कलप, मग तो पुडीतला असो की नळीतला, बहुधा याच रेणूवर किंवा त्याच्या भाऊबंदांवर उभा असतो.

आधी रंगहीन, मग रंगीत

भिंतीला रंग देतो तसा कलप केसावर वरून चढत नाही. तसे असते तर पहिल्याच आंघोळीत तो निघून गेला असता. खरी गंमत अशी की केसात शिरतो तेव्हा कलपाला जवळजवळ रंगच नसतो.

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक रचलेले पातळ खवले असतात. त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. उपटलेला एखादा लांब केस दोन बोटांत धरून आधी मुळाकडून शेंड्याकडे आणि मग उलट ओढून पाहा. दुसऱ्या वेळी तो खरखरीत लागतो. हे खवले सहसा मिटलेले असतात. कलपातील अमोनिया किंवा तत्सम अल्क पदार्थामुळे मिश्रणाचा सामू ९ ते १०च्या आसपास जातो, केस फुगतो आणि खवले उघडतात. पीपीडीचा रेणू लहान असतो. तो या फटींतून आत शिरतो. त्याच्याबरोबर रंगछटा ठरवणारे दुसरे लहान रेणूही शिरतात आणि त्यांच्यामागून हायड्रोजन पेरॉक्साइड. पुडीतल्या कलपात द्रवरूप पेरॉक्साइडऐवजी पाण्यात भिजल्यावर कामाला लागणारा कोरडा ऑक्सिडीकारक घातलेला असतो, एवढाच फरक.

आत गेल्यावर पीपीडीचे ऑक्सिडीभवन होते, तो शेजारच्या रेणूंना चिकटतो आणि दोन-तीन रेणूंची साखळी तयार होते. या साखळीला गडद रंग असतो आणि ती आकाराने मोठी असते. आली त्या वाटेने तिला बाहेर पडता येत नाही. भाजीच्या टोपलीत सुट्या काड्या सहज सरकवाव्यात आणि आत गेल्यावर त्यांची मोळी बांधावी, तसा हा प्रकार आहे. सगळे व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. पाकिटावर लिहिलेली वेळ ती हीच.

याच काळात वाटीतले मिश्रणही काळे पडत असते. पण तिथे तयार झालेला रंग बाहेरच मोठा झालेला असतो. तो ना केसात शिरतो, ना कातडीत. पाण्याने धुऊन जातो. म्हणून कपाळावर ओघळलेला काळा थेंब दिसतो तितका धोक्याचा नसतो. डाग पाडतात ते त्याच थेंबातले अजून रंगहीन असलेले रेणू. हा मुद्दा विद्यार्थ्यांना नीट समजावून द्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

कातडीने काय पाप केले?

केस, नखे आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर हे तिन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले आहेत. केसाला रंगवील ते कातडीलाही रंगवणारच. कलपाला केस कुठे संपतो आणि कपाळ कुठे सुरू होते हे कसे कळावे?

त्वचेचा हा वरचा थर मृत पेशींचा असतो. चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक, आणि पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ. विटा आणि चुना यांची भिंत डोळ्यांसमोर आणावी. एवढे पदर असूनही अंगावरच्या बहुतेक जागी या थराची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर भरते, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनही कमी. तळहात-तळपायावर मात्र तो कितीतरी जाड असतो. तळहातावरची मेंदी गडद रंगते आणि हाताच्या पाठीवरची फिकी राहते, त्याचे मोठे कारण हेच.

अल्क पदार्थाने केस फुगतो तशी ही भिंतही फुगते. लहान रेणू वरच्या काही पदरांत शिरतात, तिथेच त्यांच्या मोळ्या बांधल्या जातात, आणि डाग पडतो. तो कातडीवर नसून कातडीत असतो, म्हणून साबण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र केस आणि कातडी यांत एक मोठा फरक आहे. केसाचा रंगलेला भाग कापेपर्यंत तसाच राहतो. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर नवा पांढरा केस मुळाशी दिसू लागतो म्हणून कलप पुन्हा लावावा लागतो. कातडी मात्र स्वतःचे पदर सतत टाकत असते, ढोबळमानाने रोज एक. रंगलेले पदर गळून पडले की डाग गेला. त्याला कुणी काढलेले नसते.

मतदानाच्या शाईत हाच हिशेब दिसतो. १९६२ सालापासून आपल्या निवडणुकांत वापरली जाणारी, म्हैसूरला तयार होणारी ही शाई सिल्व्हर नायट्रेटची असते. रसायन वेगळे, पण कातडीवरची खूण काही दिवसांत फिकी पडते आणि नखावरची मात्र नख वाढून पुढे सरकेपर्यंत राहते. नख पदर टाकत नाही.

घरातला जुना नातेवाईक: बिब्बा

कलपाचे रसायन परदेशी असले तरी त्याच्या तऱ्हा आपल्याकडे फार जुन्या आहेत. बिब्ब्याचा रस आधी तपकिरी असतो, हवा लागली की काळाकुट्ट होतो. धोबी कपड्यांवर याच रसाने खुणा करीत, आणि खूण पक्की व्हावी म्हणून त्यात चुना मिसळीत. इथे हवेतला ऑक्सिजन म्हणजे आपले पेरॉक्साइड आणि चुना म्हणजे आपला अमोनिया! रेणू वेगळे, पण ऑक्सिडीभवन होऊन एकमेकांना चिकटण्याची आणि काळे पडण्याची रीत तीच.

आणि बिब्बा उततो हेही आपल्याला ठाऊक आहे. एखाद्याच्या अंगावर फोड येतात, खाज सुटते, चेहरा सुजतो. शेजारच्याला काहीच होत नाही. म्हणूनच बिबे फोडून गोडंबी काढण्याआधी हाताला खोबरेल चोपडण्याची पद्धत आहे. काळा डाग आणि उतणे या दोन्ही गोष्टी एकाच रसाच्या आहेत, पण त्या एक नव्हेत, हे आपल्या आजीला माहीत होते. कलपाच्या बाबतीत ते आपण विसरतो. त्याकडे पुढे येऊच.

डाग पडू नये म्हणून

कातडीच्या भिंतीत रेणू शिरूच द्यायचा नाही, हे एकमेव तत्त्व. कलप पाण्यात कालवलेला असतो. त्याच्या आणि कातडीच्या मधे स्निग्ध पदार्थाचा थर आला की वाट अडते. मेंदी काढण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करायला सांगतात, कारण तिथे रंग चढायला हवा असतो. इथे नेमके उलटे करायचे. कलप लावण्याच्या अगोदर चेहरा साबणाने घासून धुऊ नये. कातडीचे स्वतःचे तेल राहू द्यावे आणि त्यावर आणखी थर द्यावा.

कशाचा? घरात खोबरेल असते, पण ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. म्हणजे थंडीतली पहाट सोडली तर आपल्याकडे ते पातळच असते, ओघळते, आणि ओघळून केसांत जाते. पेट्रोलियम जेली शरीराच्या तापमानाला घट्ट राहते, लावली तिथेच थांबते. (हीदेखील कारखान्याच्या अंगणातलीच वस्तू. अमेरिकेतील खनिज तेलाच्या विहिरींवर पंपांच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट गाळ कामगार भाजल्या-कापल्यावर लावत. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८५९ मध्ये तो पाहिला आणि पुढे शुद्ध करून विकला.) कपाळाच्या कडेला, कानांच्या वर आणि मागे, मानेवर बोटभर रुंदीचा पट्टा द्यावा. केसांना मात्र जेली लागू देऊ नये. जी वाट कातडीपाशी अडते ती केसापाशीही अडते, आणि मग कडेला पांढऱ्या केसांची झालर उरते. पुष्कळांची तक्रार असते की कलप कडेला धरत नाही. त्यात दोष बहुधा कलपाचा नसतो.

मिश्रण पातळ झाले की ओघळणारच. पुडीतला कलप कालवताना पाणी थोडे थोडे घालून भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्टच ठेवावा. काच किंवा प्लॅस्टिकची वाटी घ्यावी. लोखंड, तांबे यांसारख्या धातूंच्या संपर्कात पेरॉक्साइडचे विघटन लवकर होते आणि कलपाचा जोर कमी होतो. उरलेले मिश्रण बाटलीत घालून, बूच लावून पुढच्या गुरुवारसाठी ठेवायचा मोह होतो. तो टाळावा. विघटनातून ऑक्सिजन वायू सुटत राहतो, बंद बाटलीत दाब वाढतो आणि बाटली फुटू शकते. शिवाय त्या मिश्रणातले रेणू बाहेरच मोठे झालेले असतात. त्याने केस रंगणार नाहीतच.

हातमोज्यांविषयी थोडे आग्रहाने सांगायला हवे. पाकिटातले पातळ मोजे ढिले असतात, मनगटाकडून मिश्रण आत उतरते आणि आत अडकलेला कलप उघड्या हातावरच्या कलपापेक्षा जास्त वेळ कातडीला लागून राहतो. नायट्राइलचे घट्ट बसणारे मोजे बरे. एकदा वापरलेले मोजे उलटे करून पुन्हा घालू नयेत.

पडलाच तर

कपाळावर थेंब पडल्यावर पहिली दोन-चार मिनिटे मोलाची. मोळ्या अजून बांधल्या गेलेल्या नसतात. ओल्या फडक्याला किंचित साबण लावून थेंब टिपून घ्यावा, पसरवू नये. त्यासाठी ओले फडके आधीच हाताशी ठेवावे, अर्ध्या तासाने डोके धुतानाच सगळे पुसू, असे म्हणू नये.

त्यानंतर जो डाग उरतो त्याला खरा उपाय वेळ. तेल लावून हलकेच चोळले, कोमट पाण्याने धुतले, की सुटत आलेले पदर थोडे लवकर निघतात आणि डाग फिका होतो. दंतमंजन, खाण्याचा सोडा, राख वगैरे घरगुती उपायांनी डाग ‘निघतो’ तेव्हा रंग विरघळत नसतो. कातडीचे पदर खरवडले जात असतात. एखाद्या वेळी हलक्या हाताने हे चालेल, पण रक्त येईपर्यंत घासणाऱ्यांना काय म्हणावे?

थिनर आणि रॉकेल यांच्याने ग्रीस निघते, कारण ग्रीस कातडीच्या वर असते आणि त्यांत विरघळते. कलपाचा रंग आत असतो. थिनर त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत विटांमधला चुना, म्हणजे पेशींमधले स्निग्ध पदार्थ, विरघळवून टाकतो. कातडी कोरडी पडते, भेगाळते, आणि पुढचा कलप, पुढचे कटिंग ऑइल, पुढचे काहीही अधिक सहज आत शिरते. कापडाचे ब्लीच लावणे तर त्याहून घातक. ते कातडी भाजते. शिवाय ब्लीचमधले हायपोक्लोराइट आणि कलपातला अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात, आणि मोरीसारख्या लहान कोंदट जागेत ते छातीत जातात.

जो डाग दिसत नाही

आता बिब्बा उतण्याकडे. पीपीडीचा लहान रेणू कातडीच्या मृत पदरांखाली जिवंत पेशींपर्यंत गेला, तर तिथल्या प्रथिनांना चिकटतो. काही माणसांत शरीराची संरक्षणव्यवस्था ही जोडगोळी परकी समजते आणि लक्षात ठेवते. पहिल्या वेळी, कधीकधी पहिल्या दहा वर्षांतही, काहीच घडत नाही. मग एखाद्या वेळी कलप लावल्यावर एक-दोन दिवसांनी कानामागे खाज सुटते, पुरळ येते, पापण्या सुजून डोळे मिटतात. एकदा ही ओळख पटली की ती बहुधा जन्मभर राहते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २००६ सालचा ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून पीपीडीचेच नाव घेतले होते.

पाकिटातल्या कागदावर लिहिलेली ४८ तासांची चाचणी याचसाठी असते. ही प्रतिक्रिया सावकाश येते. लावून पाच मिनिटांत काही झाले नाही याचा काहीच अर्थ नसतो. सूचनेत सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा कलप लावून दोन दिवस वाट पाहावी. पूर्वी कधी खाज, पुरळ, सूज आली असेल तर चाचणीही घरी करू नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. सुट्टी गुरुवारी असेल तर चाचणी मंगळवारी करायची, एवढेच लक्षात ठेवायचे. आमचा अनुभव असा की ही सूचना वाचणारे थोडे आणि पाळणारे त्याहून थोडे.

काळ्या रबरात, म्हणजे टायर, होज, पट्टे यांत, रबर टिकावे म्हणून पीपीडीचे काही भाऊबंद घातलेले असतात. रबराशी रोज संबंध येणाऱ्या कामगाराच्या हाताला पुरळ उठत असेल, तर त्याने कलपाची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. काहींना दोन्हींचा त्रास होतो.

भुवया, पापण्या यांना कलप लावू नये, असे प्रत्येक पाकिटावर असते. त्यामागे इतिहास आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात असे. त्यात पीपीडीच्या जातीचे रसायन होते. त्याने काही स्त्रियांची दृष्टी गेली, आणि १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली, त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता.

लग्नसराईत मुलींच्या हातावर दिसणारी ‘काळी मेंदी’ हाही याच घराण्यातला प्रकार. मेंदीच्या पानातील लॉसोन हा रंग नारिंगी ते तांबूस-तपकिरी असतो. तो तासाभरात काळा होत नाही. अर्ध्या तासात काळीभोर रंगणाऱ्या मेंदीत पीपीडी मिसळलेले असण्याचा दाट संभव असतो, तेही डोक्यासाठी ठरलेल्या मर्यादेची पर्वा न करता. युरोपात कालवलेल्या कलपात पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. काळ्या मेंदीत किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. दहा वर्षांच्या मुलीला अशा मेंदीने पीपीडीची ‘ओळख’ झाली, तर चाळिशीत कलपाची पहिली वाटी कालवताना तिला त्याची किंमत मोजावी लागते. कलपाची पुडी पोटात गेली तर मात्र गोष्ट जिवावर बेतते: घसा आणि तोंड सुजते, श्वास अडतो, मूत्रपिंडे बिघडतात. पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, आणि असे झाल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

कलप वर्गात आणू नये. मेंदीवर सगळे काम भागते. पाला झुडपावरून तोडलेला असावा, तयार कोन नको. पाला वाटून, थोडा लिंबाचा रस घालून एका वाटीत पांढरी लोकर, पांढरा सुती दोरा आणि आजीचे दोन-चार पांढरे केस बुडवून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी धुऊन पाहिल्यास लोकर आणि केस रंगलेले, दोरा मात्र जेमतेम रंगलेला दिसेल. पहिल्या दोघांत केराटिन आहे, सुतात सेल्युलोज. दुसरीकडे एका विद्यार्थ्याच्या तळहातावर, हाताच्या पाठीवर आणि अंगठ्याच्या नखावर मेंदीचे सारख्या आकाराचे ठिपके द्यावेत. तळहातावर शेजारीच आणखी एक ठिपका असा द्यावा की ज्याच्या खाली पेट्रोलियम जेलीचा थर आहे. दोन तासांनी सगळे एकदमच पुसावेत.

पुढचे तीन आठवडे दर दोन दिवसांनी नोंद ठेवायची: कोणता ठिपका आधी गेला, कोणता नंतर, जेलीवरचा मुळात उमटला का. नखावरचा ठिपका फिका न होता पुढे सरकताना दिसेल. नखाच्या मुळापासून त्याचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर येते का, हे पाहावे, आणि वर्गातल्या सगळ्यांच्या अंगठ्यांची तुलना करावी.